अंदाज चुकला, तर भार कोणाचा? : रोमन काळातील तीन प्रसंग

१/ इ. स. दुसरे शतक. पायांच्या दुखण्याने पलंगावर पडून असलेला विख्यात वक्ता फ्रोंटो नवे स्नानगृह बांधू पाहत होता. भोवती उभे असलेले बांधकाम करणारे त्याला चर्मपत्रांवर काढलेले नकाशे दाखवत होते. एक नकाशा पसंत करून त्याने विचारले, खर्च किती? उत्तर आले : सुमारे ३ लाख सेस्टर्स. शेजारचा एक मित्र लगेच म्हणाला, आणि वर आणखी ५० हजार, कमीजास्त!

२/ ऑलस गेलियसने नोंदवलेल्या या प्रसंगातील थट्टेमागे जुना अनुभव होता. अंदाज एक आणि खर्च दुसराच. मग वाढीव भार कोणी सोसायचा?

३/ इ. स. पूर्व पहिल्या शतकातील वास्तुविशारद विट्रुव्हियस याने इफिसस (आजचे तुर्कस्तान) येथील एक जुना कायदा सांगितला आहे. सार्वजनिक काम घेणाऱ्याने खर्चाचा अंदाज आधी द्यायचा. काम पुरे होईपर्यंत त्याची मालमत्ता अधिकाऱ्यांकडे तारण.

४/ खर्च अंदाजाइतकाच झाला, तर सन्मान. एक चतुर्थांशापर्यंत वाढला, तर वाढीव रक्कम नगराच्या तिजोरीतून. त्याहून अधिक वाढला, तर भरपाई त्याच्याच मालमत्तेतून.

५/ चतुर्थांशाची सवलत कशासाठी? विट्रुव्हियसचे स्पष्टीकरण व्यवहारी आहे. ज्याची ऐपत ४०० ची आहे, तो आणखी १०० घालेल, कारण घर पुरे होण्याची आशा असते. खर्च दीडपट झाला, की मात्र तो खचतो आणि काम अर्धवट टाकतो. असा कायदा रोममध्ये खाजगी बांधकामांनाही लागू असावा, ही त्याची इच्छा होती. अडाणी कारागिरांमुळे गृहस्थ देशोधडीला लागू नयेत म्हणून.

६/ रोमन विधिज्ञ लाबेओ याने खाजगी व्यवहारातील असाच पेच हाताळला. त्याचे मत इ. स. ५३३ च्या ‘डायजेस्ट’ या संकलनात टिकून आहे. वाड्याचा अंदाज २०० चा दिला. त्यावर करार ठरला. मालकाने १०० उचल दिली. पुढे कळले, की ३०० च्या आत वाडा होणेच नाही.

७/ लाबेओचा निर्णय : मालकाने काम थांबवण्यास सांगावे. तरीही बांधणाऱ्याने काम रेटले, तर उचलीतील उरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी मालक दावा लावू शकतो.

८/ म्हणजे इफिससने अंदाज देणाऱ्याला जामीन धरले. लाबेओने मालकाला वेळीच थांबण्याचा मार्ग दिला. आता फ्रोंटोकडे पाहू. ३ लाखांवर ५० हजार म्हणजे एक षष्ठांश वाढ. इफिससच्या मोजमापाने ती माफच ठरली असती. त्या बैठकीत मात्र खर्चाचा विषय मागे पडला आणि मित्राच्या तोंडच्या ‘कमीजास्त’ या लॅटिन शब्दाच्या अर्थावरच विद्वानांचा वाद रंगला.