सूत कातणारे, लाकूड कातणारे

मराठी भाषेत ‘कातणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. चरख्यावर सूत कातले जाते आणि खरादावर, म्हणजेच लेथवर, लाकूडही कातले जाते. लाकूड कातणाऱ्या कारागिराला आपल्याकडे कातारी म्हणत. पाळण्याचे कातीव दांडे, लाटणी, भोवरे ही त्याची कामे. आज फावल्या वेळात लाकडी पेने कातून संसाराला हातभार लावता येतो. हा उद्योग नवा वाटला तरी त्यामागील प्रश्न जुना आहे आणि वऱ्हाडाला तो चांगलाच परिचित आहे.

अकोट तालुका सातपुड्याच्या पायथ्याशी वसला आहे. उत्तरेला मेळघाटचे सागवान, तर दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन. परंतु या खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. जमिनीखालचे पाणी खारे असल्याने विहीर खणूनही ओलिताची सोय होत नाही. त्यामुळे तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसावर विसंबून राहिला. मृगात पेरणी, दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी आणि होळीनंतर रिकामे हात, हा त्याचा वर्षक्रम. जोडधंद्याची गरज या रिकाम्या महिन्यांतून निर्माण झाली. अकोटच्या सतरंज्या एके काळी नावाजलेल्या होत्या. यंत्राच्या मालापुढे असे कितीतरी हातधंदे मागे पडले.

लेखणीची कथाही याहून वेगळी नाही. अकबराच्या काळात अकोटजवळचा नरनाळा हा वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होता. दप्तर फारसी असो वा मोडी, लेखणी बोरूचीच असे. बोरूची काडी घ्यावी, चाकूने तिरका छेद द्यावा, टोकाला चीर पाडावी, की लेखणी तयार. तिला ना कारखाना लागे, ना व्यापारी. इंग्रजी अमदानीत पोलादी टाक आला, मागाहून फाउंटन पेन आले. लिहिणारा हात तोच राहिला. लेखणीचा पैसा मात्र गावाबाहेर आणि पुढे देशाबाहेर जाऊ लागला.

हा पैसा गावात कसा राखावा, याचा पद्धतशीर विचार वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्याला झाला. डिसेंबर १९३४ मध्ये तेथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. त्याचे चिटणीस होते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा (१८९२-१९६०). तंजावरला जन्मलेले हे ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ कॅथलिक नव्हते. तरीही आपण त्यांना आपल्या घरातील माणूस मानावे, अशी त्यांची योग्यता होती. तुरुंगवासात त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर ग्रंथलेखन केले. मगनवाडीत हातकागद, घाणीचे तेल, हातसडीचा तांदूळ यांचे प्रयोग त्यांच्या देखरेखीखाली चालत.

याच कुमारप्पांचे नाव एका पेनाशी जोडले गेले आहे. आंध्रातील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम हे स्वदेशी फाउंटन पेने बनवीत. ती लाकडाची नव्हती. एबोनाइट नावाच्या कठीण रबराची होती, पण लेथवर हाताने कातलेली. कुमारप्पांच्या मार्फत असे एक पेन गांधीजींकडे पोचले. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले आणि परदेशी पेनांना हा चांगला पर्याय वाटतो, असे कळविले. एका कारागिराच्या हातकामाला मिळालेली ती पावती होती.

लाकडी पेनाची कृती फार अवघड नाही. मोडक्या बैलगाडीच्या चाकातील बाभूळ किंवा सुताराकडे उरलेला सागवानाचा तुकडा त्यासाठी पुरतो. लाकूड मात्र पुरते वाळलेले हवे, नाहीतर ते मागाहून तडकते. तुकड्याला मधोमध आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी पक्की बसवायची. मग तो लेथवर फिरवीत पटाशीने गोल करायचा, पॉलिश पेपरने घासायचा आणि वर लाख किंवा मेण चढवायचे. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवली, की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी वस्तूंमागे हीच विद्या आहे. तेथील राजघराण्याने आश्रय दिला म्हणून लाखकामाची परंपरा टिकली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मेख आहे ती पुढेच. लाकूड आपले, श्रम आपले. पण टोक, रिफिल आणि क्लिप बाहेरून विकत आणावी लागते. कारखान्याचे पेन काही रुपयांत मिळते. गिऱ्हाईक त्याच भावाशी तुलना करू लागले, तर कातणाऱ्याच्या हाती भुसाच उरायचा. कुमारप्पांनी यावर नेमके बोट ठेवले होते. वस्तूमागे अन्याय दडला असेल, तर ती विकत घेणाराही त्या अन्यायाचा भागीदार होतो, असे ते बजावीत.

ख्रिस्तसभेची शिकवण यापासून दूर नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये १ मे हा दिवस श्रमिक संत जोसेफ यांचा सण म्हणून जाहीर केला. योगायोग असा, की अकोट ज्या अमरावती धर्मप्रांतात येते, त्याची स्थापनाही १९५५ सालचीच. नासरेथच्या त्या सुताराने केलेल्या वस्तूंना कोणीतरी योग्य दाम मोजला असेल, तेव्हाच ते पवित्र कुटुंब जेवले असेल.

आपल्या धर्मग्रामात प्रथम कम्युनियन होते, शाळेत बक्षीससमारंभ होतो, धर्मगुरूंचा रौप्यमहोत्सव होतो. अशा प्रसंगी पेन भेट देण्याची रीत आहेच. ते पेन जवळच्या एखाद्या कातणाऱ्याकडून घ्यावे आणि किंमत ठरविताना त्याने त्यावर किती तास घालविले हे आधी विचारावे. उन्हाळ्यात रिकामे राहणारे दोन हात कामाला लागावेत, असे खरोखर वाटत असेल, तर एवढे आपल्याला सहज करता येईल.