खामगावची पायी पाहणी : पेठ, लोहमार्ग आणि तलाव

नगरेतिहासाचे साधन म्हणून दप्तरे, सनदा, जमाबंदीची कागदपत्रे आणि जनगणनेचे अहवाल यांचे महत्त्व सर्वमान्य आहे. परंतु शहर हे स्वतःही एक दप्तर असते आणि ते पायांनी चाळावे लागते, ही जाणीव आपल्याकडील अभ्यासात अद्याप पुरेशी रुजलेली नाही. १९१४ साली हिंदुस्थानात आलेले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडीस यांनी या पद्धतीचा आग्रह धरला होता. नगराची सुधारणा सुचविण्यापूर्वी त्याच्या गल्ल्याबोळांतून हिंडले पाहिजे, विहिरी, देवळे, बाजार व मोकळ्या जागा यांचा परस्परसंबंध प्रत्यक्ष पाहिला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९१८ सालचा त्यांचा इंदूरविषयक अहवाल या रीतीचा नमुना होय. पुढे १९५५ साली इंग्लंडात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी भूप्रदेश हाच दस्तऐवज मानून इतिहास लिहिला. या दृष्टीने वऱ्हाडातील एखादे मध्यम आकाराचे शहर तपासले तर काय हाती लागते, हे पाहण्यास खामगाव हे उत्तम उदाहरण आहे.

खामगावाविषयी एक समजूत सामान्यतः प्रचलित आहे. ती अशी की, हे शहर इंग्रजी अमदानीत रेल्वेने वसविले व कापसाने वाढविले. या विधानाचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्ध मात्र तपासून घेण्याजोगा आहे. जो पायी हिंडेल त्याच्या ध्यानात प्रथम हीच गोष्ट येते की, येथे शहर लोहमार्गाकडे गेलेले नसून लोहमार्ग शहराकडे आलेला आहे.

प्रथम भूगोल पाहू. वऱ्हाडाचे पाइनघाट व बालाघाट असे दोन भाग परंपरेने मानले जातात. पूर्णेच्या खोऱ्यातील सपाट, काळ्या जमिनीचा प्रदेश तो पाइनघाट. दक्षिणेकडील डोंगरमाथ्याचा प्रदेश तो बालाघाट. खामगाव पाइनघाटाच्या दक्षिण कडेला, डोंगर चढू लागण्यापूर्वी वसलेले आहे. बुलढाण्याकडे जाणारा रस्ता येथून निघून बोथ्याच्या घाटाने वर चढतो. चिखलीचा रस्ताही दक्षिणेकडे डोंगरमाथ्यावर नेतो. पूर्वेस बाळापूर व अकोला, पश्चिमेस नांदुरा व मलकापूर, उत्तरेस जलंब व शेगाव. घाटावरचा माल उतरण्याची आणि खोऱ्यातला माल चढण्याची ही जागा होय. बैलगाडीच्या युगात अशा ठिकाणी मुक्काम पडतो आणि जेथे मुक्काम पडतो तेथे बाजार भरतो. इंजिनाची शिटी ऐकू येण्यापूर्वीच खामगावाचे दैव या भूरचनेने ठरविले होते.

उपलब्ध माहितीनुसार येथील व्यापाराचा आरंभ १८२० च्या सुमारास झाला. काही व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली आणि तूप, सूत व थोडासा कापूस यांची खरेदीविक्री सुरू केली. या तीन जिनसांचा क्रम विचार करण्यासारखा आहे. आरंभी कापूस शेवटी येतो. त्याच्या आधी सूत आहे. याचा अर्थ असा की, त्या काळी वऱ्हाडच्या खेड्यांत कापूस पिकत होता तसा तो कातलाही जात होता आणि पेठेत येणारा माल अंशतः तयार माल होता. पन्नास वर्षांनंतर हा क्रम पूर्णपणे उलटला. कापूस हीच एकमेव जिन्नस झाली आणि हाताने कातलेले सूत पेठेतून मागे हटले. शहराची भरभराट आणि खेड्यातील एका धंद्याचा ऱ्हास या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे विसरता कामा नये.

हा पालट कसा घडला? १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारकडे सोपविला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस येईनासा झाल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली आणि वऱ्हाडच्या कापसाला पूर्वी कधी न मिळालेला भाव आला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा भुसावळहून नागपूरपर्यंत पोहोचला. मात्र हा मार्ग पूर्णेच्या खोऱ्यातून सरळ गेला आणि खामगाव त्याच्या दक्षिणेस आठ मैल राहिले. बाजार उठून जलंबला किंवा शेगावला जाईल, अशी शक्यता होती. तसे झाले नाही. उलट सरकारलाच जलंबपासून खामगावापर्यंत आठ मैलांची शाखा बांधावी लागली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते ती खुली झाली. कापूस खात्याचे कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे या उद्योगाचे प्रमुख पुरस्कर्ते होते.

नेमके हेच अमरावतीच्या बाबतीतही घडले. मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून गेला आणि अमरावतीसाठी तेथून शाखा काढावी लागली. वऱ्हाडातील कापसाच्या दोन अग्रगण्य पेठा मुख्य मार्गापासून दूर असाव्यात आणि दोहोंसाठी स्वतंत्र शाखा निघाव्यात, हा योगायोग नव्हे. अडत, दलाली, उधारी, मापारी, वखारी आणि ओळखीपाळखी यांची जी वीण एखाद्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या बसलेली असते, ती रूळ टाकल्याने सहज उचलून नेता येत नाही. पेठ ही जागेवर नव्हे, विश्वासावर उभी असते. म्हणूनच लोखंडी मार्गाला तिच्या दाराशी यावे लागले.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळावे. खामगावचे स्थानक हे शेवटचे स्थानक आहे. रूळ तेथे येऊन थांबतात. यामुळे शहराला एक विशिष्ट घडण प्राप्त झाली. मुख्य मार्गावरील गावात रूळ वस्तीचे दोन तुकडे करतात. येथे तसे झाले नाही. कापसाच्या बंड्या चहूबाजूंच्या रस्त्यांनी येत, बाजारात भाव ठरे, जिनात सरकी वेगळी होई, प्रेसमध्ये रुईच्या गठाणी बांधल्या जात आणि त्या गठाणी उत्तरेकडे रवाना होत. बाजार, जिन, प्रेस व स्थानक यांना जोडणारी ही साखळी पायी चालताना चटकन समजते. नकाशावर ती तितकी उमगत नाही. बंड्या वळाव्यात म्हणून रुंद ठेवलेली फाटके, आगीच्या भयाने एकमेकांपासून अंतरावर बांधलेली गुदामे, बाष्पयंत्रांची धुराडी, माल वाळविण्यासाठी सोडलेली विस्तीर्ण आवारे ही सर्व जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांची ओळखचिन्हे होत. ती पाहताना विद्यार्थ्याने प्रत्येक भिंतीला एकच प्रश्न विचारावा : येथे कोणते काम होत असे?

वस्त्यांची नावे हेही एक साधन आहे. अकोल्यात अकोट फैल आहे, तसे खामगावात बाळापूर फैल आहे. दोन्ही ठिकाणी नावातील पहिला शब्द शेजारच्या गावाचा आहे. वस्ती रस्त्याच्या कडेने वाढत गेली आणि तो रस्ता जेथे जातो त्या गावाचे नाव तिला चिकटले, असे अनुमान यावरून निघते. बाळापूर हे मोगल काळापासूनचे महत्त्वाचे ठाणे; खामगाव त्या मानाने अर्वाचीन. जुन्या ठाण्याचे नाव नव्या पेठेच्या एका वस्तीपुरते उरावे, यात सत्तेच्या केंद्राकडून व्यापाराच्या केंद्राकडे सरकलेला इतिहास संक्षेपाने सामावला आहे.

खामगावला रजतनगरी असेही म्हणतात, ते येथील चांदीच्या व्यापारामुळे व चांदीच्या शुद्धतेविषयीच्या लौकिकामुळे. सराफी आणि कापूस हे दोन व्यवहार एकमेकांपासून तोडून पाहणे योग्य होणार नाही. हंगामात शेतकऱ्याच्या हाती आलेला पैसा जेव्हा बँकेत जात नसे, तेव्हा तो स्त्रियांच्या अंगावरील दागिन्यांच्या रूपाने साठविला जाई आणि पीक बुडाले की तोच पुन्हा सराफाच्या तराजूत येई. सराफी पेठ ही एका अर्थी कापसाच्या पेठेची तिजोरी होती.

नगरपालिका १८६७ साली स्थापन झाली. तिच्यासोबत सार्वजनिक जागेची एक नवी कल्पना आली. आपल्या गावांत पार होता, नदीचा घाट होता, देवळाचे आवार होते, देवराई होती. परंतु कोणत्याही देवाच्या वा घराण्याच्या नावावर नसलेली आणि कराच्या पैशातून राखलेली बाग ही नवीन वस्तू होती. इंग्लंडात बर्कनहेडचे उद्यान १८४७ साली खुले झाले आणि मुंबईत राणीची बाग १८६२ साली. लहान शहरांत ही कल्पना बहुधा पाण्याच्या आश्रयाने वाढली. शहराच्या पाणीपुरवठ्याशी निगडित असलेला जनुना तलाव हे खामगावातील याचे उदाहरण. उपयोगासाठी निर्माण झालेली जागा कालांतराने विहाराची जागा बनली. गर्दीच्या पेठेतून तलावापर्यंत चालत गेले म्हणजे जिन्यांच्या धुरात वाढलेल्या शहराला मोकळ्या हवेची गरज किती होती, हे कळते.

१९०१ च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या १८,३४१ होती. कापसाच्या पेठांत त्याचा वऱ्हाडात दुसरा क्रमांक लागत असे. १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेला हा तालुका त्या वर्षी बुलढाणा जिल्ह्यात आला. मात्र या वैभवाची दुसरी बाजू दृष्टिआड करता येत नाही. १८६९ साली सुएझचा कालवा आणि १८७० साली मुंबईपर्यंतची समुद्री तार यांमुळे लिव्हरपूलचा भाव वऱ्हाडच्या बाजारापर्यंत त्वरेने पोहोचू लागला. दर दूर ठरू लागला. धोका मात्र शेतकऱ्याच्या बांधावर राहिला. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत याची प्रचीती आली. लक्ष्मण सत्य यांनी वऱ्हाडातील कापूस व दुष्काळ यांवरील आपल्या ग्रंथात हा संबंध विस्ताराने मांडला आहे. कामगारांची स्थितीही निराळी नव्हती. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर वा अधिक कामगारांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. हंगामी जिनांना त्याच्या कक्षेबाहेर राहणे कठीण नव्हते. या जिनांत स्त्रियांचे श्रम मोठ्या प्रमाणावर लागत.

पुढे पेठेचे स्वरूप पुन्हा पालटले. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने व्यवहारांना नियम लागले. १९७२ पासून राज्याच्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेने खाजगी खरेदीची जागा घेतली आणि नव्या शतकाच्या आरंभी तीही मावळली. शेवटचे स्थानक असण्याचा जो लाभ एकेकाळी झाला, त्याचीच पुढे अडचण झाली. खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शतकाहून अधिक काळ केली जात आहे, यातच ती अडचण व्यक्त होते. २०११ साली शहराची लोकसंख्या सुमारे ९४ हजार होती आणि महामार्गाच्या कडेने त्याची वाढ झालेली दिसते.

पायी पाहणीच्या मर्यादा उघड आहेत. भिंत काळ सांगते, पण कर्ज सांगत नाही. फाटक रुंदी दाखविते, पण मजुरी दाखवीत नाही. त्यासाठी दप्तराकडेच जावे लागते. परंतु कोणते दप्तर उघडावे आणि त्यात काय शोधावे, हे रस्ता सांगतो. दप्तर मागाहूनही वाचता येईल. वापरातून गेलेल्या जिनाचे आवार एकदा भूखंडांत वाटले गेले की ते पुन्हा वाचता येत नाही. म्हणून वऱ्हाडच्या कापूस-पेठांची मोजमापे, नकाशे आणि जुन्या कामगारांच्या आठवणी यांची नोंद हे इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्राधान्याने हाती घेण्याचे काम आहे. खामगावापासून त्याचा आरंभ करणे सोयीचे ठरेल, कारण तेथे पेठ, जिन, स्थानक आणि तलाव ही चारही स्थळे एका दिवसाच्या चालीत येतात.