घोडा, हत्ती आणि खडा पारशी

आमच्या घरांत पुतळा नसतो. भिंतीवर मक्का-मदिनेचे चित्र, एखादा तुघरा, फार तर हजहून परतलेल्या आजोबांचा फोटो. तरीही भायखळा-नागपाड्यात वाढलेल्या आम्हा मंडळींचा पत्ता एका पुतळ्यावाचून पुरा होत नसे. कोकणातून येणाऱ्या पाहुण्याला जे पत्र जायचे त्यात हमखास एक ओळ असे : खड्या पारशापाशी उतरा आणि कुणालाही विचारा.

हा पारशी कोण, हे मात्र आम्हाला कुणी सांगितले नव्हते. बैठा नाही, घोड्यावर नाही, नुसता उभा, म्हणून खडा. आमच्या मोहल्ल्याने त्याचे बारसे एवढ्यावरच उरकले. पुढे वाचनात आले की ते शेट कर्सेटजी माणेकजी श्रॉफ, जन्म १७६३, मृत्यू १८४५. त्यांचे पुत्र माणेकजी कर्सेटजी यांनी १८६० च्या दशकात वडिलांची ही आठवण उभारली. हे पुत्र साधे गृहस्थ नव्हते. स्वतःच्या मुलींना इंग्रजी शिकवल्याबद्दल समाजाचे बोलणे त्यांनी ऐकून घेतले आणि १८६३ मध्ये मुलींसाठी अलेक्झांड्रा ही इंग्रजी शाळा काढली. वडिलांचा पुतळा घडवला जॉन बेल या इंग्रज शिल्पकाराने, ओतकाम झाले इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलच्या कारखान्यात. उंच खांबावर पगडीवाले शेटजी आणि खाली हातात दिवे धरलेल्या चार जलपऱ्या! गिरणगावाच्या वेशीवर जलपऱ्यांचे काय काम, असे आज कुणालाही वाटेल. आम्हाला लहानपणी त्यांचे भारी अप्रूप होते. मोठ्या माणसांसोबत जाताना तिकडे टक लावून पाहायची मात्र चोरी.

याच भायखळ्यात राणीचा बाग. तिथे एक दगडी हत्ती आहे. सगळी मुंबई त्याच्यासमोर फोटो काढते, पण त्याचे घर इथले नव्हे हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो घारापुरीचा. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा धक्क्याजवळ हाच उभा होता आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८१४ च्या सुमारास त्याचे डोके आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये साहेबांच्या मनात आले की याला विलायतेला न्यावे. उचलायला लागले तर यारीच मोडली, हत्ती पडला, त्याचे तुकडे झाले. ते तुकडे भायखळ्याच्या बागेत आले आणि १९१४ मध्ये जोडून पुन्हा हत्ती केला गेला. विलायतेची वारी हुकली म्हणून तो आमच्या वाट्याला आला. नाव मात्र बेटालाच राहिले. आज एलिफंटाची बोट पकडणाऱ्याला तिकडे तो हत्ती भेटत नाही. तो आमच्या बागेत.

घोड्याची गोष्ट याहून मजेची. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला, तोच पुढचा सातवा एडवर्ड. त्याच्या भेटीची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी घोड्यावरचा पुतळा करवला. जोसेफ एडगर बोह्म यांनी तो घडवला आणि १८७९ मध्ये तो उभा राहिला. हे ससून बगदादचे यहुदी, जन्मनाव अब्दुल्ला. अब्दुल्लाचे आल्बर्ट झाले, युवराजाचा बादशहा झाला. मुंबईकराने दोघांनाही बाजूला सारले आणि नाव दिले जनावराला. काळा घोडा! लाखो रुपयांची दौलत, राजघराण्याचा मान, लंडनचा कारागीर, आणि हाती काय राहिले तर घोड्याचा रंग.

१९६५ मध्ये इंग्रजांचे पुतळे रस्त्यांवरून उतरवले तेव्हा तो घोडाही स्वारासकट आमच्या भायखळ्यातच आला. फोर्टातला चौक रिकामा झाला, गाड्या उभ्या करायची जागा झाली, तरी टॅक्सीवाला काळा घोडाच म्हणत राहिला. निघून गेलेल्या घोड्याच्या नावाने १९९९ पासून कलामहोत्सव भरू लागला. अखेर २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला, श्रीहरी भोसले यांनी घडवलेला. पाठीवर स्वार नाही. लोकांच्या जिभेने जे काम कधीच उरकले होते, ते शिल्पकाराने धातूत उतरवले, इतकेच.

रिकाम्या पाठीचे आम्हाला कौतुक वाटते, पण सगळेच पुतळे असे थट्टेवारी गेले नाहीत हेही सांगायला हवे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा मॅथ्यू नोबल यांचा. तो १८७२ मध्ये उभा राहिला. १८९६ मध्ये चापेकरांनी त्याला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. ते डाग काढायला सरकारला रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रि. क. गज्जर यांची मदत घ्यावी लागली. कोल्हापुरात १९४२ मध्ये भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायांनी गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याची अशीच गत केली. पुढे त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा आला. तिथे पुतळा म्हणजे राज्य होते आणि डांबर म्हणजे जबाब. अशा ठिकाणी टोपणनावे कोण ठेवणार?

नागपूरच्या झिरो माईलजवळ चार घोडे आहेत, त्यांवर कुणी स्वार नाही. त्यांना डांबर फासावे असे कुणाच्या मनात आले नाही. आम्हाला वाटते, ज्या पुतळ्याने हुकूम सोडला नाही त्याला लोकांनी आपल्या घरातल्यासारखे वागवले. खड्या पारशाचे तसेच झाले. त्याने आमच्याकडून सलाम मागितला नाही, आम्ही त्याला पत्ता सांगायला ठेवले.

मात्र त्याचे हाल पुष्कळ झाले. दोन बाजूंना दोन उड्डाणपूल झाले आणि शेटजी त्यांच्या कचाट्यात सापडले. पूर्वी मान वर करून पाहायचे ते आता गाडीतून डोळ्यांच्या रेषेत दिसतात, तेही क्षणभर. जलपऱ्यांवर धूळ आणि धूर बसला. २०१४ मध्ये डागडुजी झाली, रंगरूप परतले. त्यानंतर एकदा आम्ही मुद्दाम पायी गेलो. भर दुपारची वेळ, मागून ट्रकचे हॉर्न, उभे राहायला धड फूटपाथ नाही. शेजारच्या हातगाडीवाल्याला विचारले, हा कोण? तो म्हणाला, "खडा पारसी. क्यूँ, किधर जाना है आपको?"