माग, शीव आणि लॅपटॉप : चोरीच्या मालाच्या शोधव्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : अकलूज व नीरा-भीमा परिसर)

प्रस्तावना

महाविद्यालयांतील ग्रंथालय, प्रयोगशाळा व वसतिगृह येथे लॅपटॉप ही आता नित्याची वस्तू झाली आहे आणि तिच्या चोरीची तक्रारही नित्याची झाली आहे. संगणकाचे जुजबी ज्ञान असलेला प्राध्यापक वा विद्यार्थी स्वतःच एखादी छोटी आज्ञावली लिहून चोरीस गेलेल्या यंत्राचा माग काढणारी घरगुती व्यवस्था उभी करू शकतो. हा प्रश्न सामान्यतः तंत्रविद्येचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे. चोरीच्या मालाचा माग काढण्याची व्यवस्था महाराष्ट्रात पूर्वी कशी होती, ती का मोडली व तिच्या मोडण्यातून कोणावर अन्याय झाला, हे पाहिल्याशिवाय आजच्या व्यवस्थेचे मोल ठरविता येणार नाही, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

डाग व चेहरा

चोरी रोखण्याची पहिली पायरी म्हणजे वस्तूची ओळख पटविणे. मध्ययुगात सर्वांत मोलाची चालती वस्तू म्हणजे घोडा होय. अलाउद्दीन खलजीने घोड्यांना डाग देण्याची व स्वारांच्या वर्णनाची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू केली. अकबराने १५७० च्या दशकात तिची पुनःस्थापना केली. एकच घोडा दोनदा दाखवून सरकारी तनखा उकळू नये, हा तिचा मुख्य हेतू होता. १६८९ च्या आरंभी औरंगजेबाची छावणी अकलूज येथे होती आणि संभाजी महाराजांच्या अटकेची वार्ता त्यास येथेच मिळाली. त्या प्रचंड लष्कराचा हिशेब याच डागावर व चेहरेपटावर चालत असे. आजही घोडेबाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या अकलूजमध्ये जनावराचा रंग, भोवरे व खुणा पाहून पारख केली जाते.

लॅपटॉपलाही असाच चेहरा असतो. यंत्राच्या तळाशी छापलेला अनुक्रमांक व जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डाचा मॅक पत्ता या त्याच्या खुणा होत. त्या खरेदीच्या पावतीसह नोंदवहीत लिहून ठेवल्या नसतील, तर सापडलेले यंत्र आपलेच आहे हे सिद्ध करणे कठीण जाते. घरगुती व्यवस्थेचा आरंभ म्हणूनच आज्ञावलीपासून होत नाही, नोंदवहीपासून होतो.

पायमाग व गावाची शीव

दुसरी पायरी मागाची. चोरीबद्दल गावाला जबाबदार धरण्याची कल्पना प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात गावाच्या हद्दीत व्यापाऱ्याचा माल गेल्यास ग्रामप्रमुखाने आणि दोन गावांच्या मधल्या प्रदेशात गेल्यास तेथील अधिकाऱ्याने भरपाई करावी, असे सांगितले आहे. चोराचा माग गावाबाहेर गेल्याचे दाखविता न आल्यास दोष ग्रामाधिपतीचा, असे याज्ञवल्क्यस्मृती मानते.

पेशवाईच्या अखेरीस ही पद्धत प्रत्यक्षात कशी होती, याचे वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात केले आहे. गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची असे. त्याच्या हाताखाली रामोशी, भिल्ल, महार, मांग यांपैकी कोणी जागल्या म्हणून काम करी. रात्री गस्त घालणे, आल्यागेल्याची व परक्या माणसाची खबर ठेवणे आणि चोरी झाल्यास पाऊलखुणांवरून माग काढणे ही त्याची कामे होती. माग दुसऱ्या गावच्या हद्दीत गेल्याचे तेथील जागल्यास पटवून दिले की पहिल्याची जबाबदारी संपे. पुढचा माग दुसऱ्याने काढावयाचा. ज्या गावापर्यंत माग निश्चितपणे पोहोचला व पुढे सरकला नाही, ते गाव गेलेल्या मालाबद्दल उत्तरदायी ठरे. भरपाई ऐपतीप्रमाणे वसूल होई व अनेकदा ती अपुरीच असे.

या व्यवस्थेचे मर्म जागल्याच्या कौशल्यापेक्षा शिवेवरील हस्तांतरात होते. अकलूजच्या भूगोलावरून हे सहज ध्यानी येते. नीरा नदीच्या एका तीरावर सोलापूर जिल्ह्यातील अकलूज व पलीकडे पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका आहे. तुकोबारायांची पालखी सराटीहून नदी ओलांडून अकलूजला येते, तेव्हा जिल्हा बदलतो. पाऊलखुणा नदीच्या पाण्यात पुसल्या जातात. अशा ठिकाणी पलीकडच्या गावाने माग स्वीकारला नाही, तर अलीकडचे सारे श्रम व्यर्थ ठरत. प्रत्येक शिवेवर माग स्वीकारण्यास बांधलेला कोणीतरी होता, म्हणूनच ही पद्धत टिकली.

अर्थात तिचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. गावातील प्रत्येकाच्या वर्तनाची माहिती ठेवणे हेही जागल्याचे कर्तव्य होते आणि जोखमीचे हे काम जातीने वाटून दिलेले होते.

मालाकडून माणसाकडे

ब्रिटिश अमलात पोलीस व न्यायालये यांची नवी रचना झाली आणि गावाची सामूहिक भरपाई मागे पडली. जागल्यांचे जुने हक्क व उत्पन्न संकोचत गेले. उमाजी नाईकांच्या नेतृत्वाखाली रामोशांनी केलेल्या उठावामागे हेही एक कारण होते. शोधाची दिशाही पुढे पालटली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींची नोंदवही तयार करण्याची तरतूद केली. १९११ च्या कायद्याने ती ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येऊ लागली व नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार मिळाला. हजेरी, परवाना व सक्तीचा निवास यांत हजारो कुटुंबे अडकली. सोलापूर शहरात अशा जमातींची तारेच्या कुंपणाची वसाहत होती व तेथील माणसांना गिरण्यांत कामाला लावले जाई.

पूर्वी घोड्यावर पडणारा डाग आता माणसावर पडला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. परंतु संशय रद्द झाला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनास १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तेव्हा त्या संशयाचे स्वरूप मराठी वाचकांसमोर ठळकपणे आले. ज्या रामोशी समाजाकडे गावची राखण होती, तोच आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. राखणदाराचा गुन्हेगार कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणार नाही.

घरगुती व्यवस्थेची रचना व मर्यादा

आता लॅपटॉपकडे वळू. घरगुती व्यवस्थेची रचना थोडक्यात अशी असते. यंत्र सुरू होताच एक छोटी आज्ञावली पडद्याआड चालू होते व ठरावीक वेळाने मालकाच्या सर्व्हरशी संपर्क साधते. सर्व्हरवर वेळ व आयपी पत्ता यांची नोंद होते. मालकाने यंत्र ‘चोरीस गेले’ असे चिन्हांकित केल्यास आज्ञावली आसपासच्या वाय-फाय जाळ्यांची नावे व कॅमेऱ्यातील छायाचित्रही पाठवू शकते. मालकाचे खाते व विदा कुलूपबंद असावी. मात्र पासवर्डाविना उघडणारे एक पाहुण्याचे खाते मोकळे ठेवावे, म्हणजे चोर त्यातून इंटरनेटला जोडला जातो व यंत्र बोलू लागते. बायोसचा पासवर्ड, कवचावर कोरलेले संस्थेचे नाव व टेबलास बांधणारी तार ही धाक बसविणारी साधने होत. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ‘अडिओना’ ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली. यंत्राचा ठावठिकाणा मालकाखेरीज कोणासही कळू नये, हा तिचा विशेष होता.

मर्यादाही स्पष्ट आहेत. चकती बदलली की आज्ञावली मुकी होते. आयपी पत्त्यावरून सेवा देणारी कंपनी व ढोबळ ठिकाण कळते, घर कळत नाही. एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असू शकतात. ग्राहकाचे नाव कायदेशीर मागणीनंतर पोलिसांनाच मिळते. म्हणजे माग आजही शिवेपर्यंतच पोहोचतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घेण्याची तिच्यातील तरतूद शिवेवरील हस्तांतराचे आधुनिक रूप म्हणता येईल. हरवलेल्या मोबाइलसाठी केंद्रीय नोंदव्यवस्था सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात व मे २०२३ मध्ये देशभर खुली झाली. ती मोबाइलच्या आयएमईआय क्रमांकावर चालते. ज्या लॅपटॉपला असा क्रमांकच नाही, त्यास तिचा उपयोग होत नाही.

याहून गंभीर धोका दुसरा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील लोअर मेरियन शाळा-जिल्ह्याने विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपमध्ये चोरीचा माग काढणारी प्रणाली बसविली होती. तिने विद्यार्थ्यांच्या घरातील छायाचित्रे व पडद्याची चित्रे टिपल्याचे २०१० मध्ये उघड झाले. चित्रांची संख्या पन्नास हजारांहून अधिक होती व त्याच वर्षी सहा लाख दहा हजार डॉलरची तडजोड करावी लागली. मालाच्या राखणीसाठी नेमलेली नजर माणसावर खिळली, हा सोलापूरच्या वसाहतीचाच धडा होता.

समारोप

या विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. नोंद वस्तूची असावी, विद्यार्थ्याच्या वर्तनाची नसावी. कॅमेऱ्याची सोय पोलीस तक्रारीनंतर व दोन जबाबदार व्यक्तींच्या लेखी संमतीनेच सुरू व्हावी, तिच्या प्रत्येक वापराची नोंद राहावी आणि यंत्र हाती घेणाऱ्यास तिची पूर्वकल्पना द्यावी. माग ज्या दारात थांबतो तेथे राहणारा चोर आहे, असे गृहीत धरू नये. जुने यंत्र विकत घेणारा अजाणही असतो. चोरीचा संगणक अप्रामाणिकपणे स्वीकारणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ब नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तथापि माल चोरीचा असल्याची त्यास जाणीव होती किंवा तसे मानण्यास कारण होते, हे सिद्ध करावे लागते. म्हणून मिळालेली माहिती घेऊन स्वतः कोणाच्या दारी न जाता ती पोलीस ठाण्यात द्यावी.

पाऊलखूण जाऊन आयपी पत्ता आला. शिवेवर उभा राहून माग स्वीकारणारा जबाबदार माणूस मात्र तेव्हाइतकाच आजही आवश्यक आहे, आणि त्या माणसावरही नियमांचे बंधन हवे, हेच या परिसराचा इतिहास सांगतो.