तीन नावांचा माणूस

नसरापूरकडून येणारी वाट मार्गासनीला फुटते. एक फाटा साखर-गुंजवण्याकडे, म्हणजे राजगडाच्या पायथ्याशी जातो. दुसरी वाट वेल्ह्याला, तोरण्याखाली. राजगडावर सहल नेली होती तेव्हा पद्मावती माचीवर एका मुलाने विचारले, "गुरुजी, नेताजी पालकर शेवटी हिंदू की मुसलमान?" मी 'हिंदू' म्हणून मोकळा झालो. गड उतरताना मात्र ते उत्तर मलाच टोचू लागले.

नेताजी हा शिवाजी महाराजांचा सरनोबत. लोक त्याला 'प्रतिशिवाजी' म्हणत. गौरवच तो, पण त्यातही नाव दुसऱ्याचेच! १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्याच्या हल्ल्याला तो वेळेवर पोहोचला नाही, स्वारी फसली आणि महाराजांनी त्याला दूर केले. तो विजापूरकरांकडे गेला, तेथून मिर्झाराजा जयसिंगाकडे. त्याच वर्षी महाराज आग्र्याहून निसटून राजगडी पोहोचले. आता हाही निसटेल, म्हणून बादशहाने नेताजीला कैद करविले. १६६७ मध्ये त्याचे धर्मांतर झाले, नाव पडले मुहम्मद कुलीखान, आणि रवानगी झाली काबूलकडे.

नऊ वर्षांनी त्याला दिलेरखानाबरोबर दक्षिणेत धाडले आणि तो महाराजांकडे परतला. १६७६ च्या जूनमध्ये त्याने प्रायश्चित्त घेतले. भोरजवळच्या कारीच्या जेध्यांची शकावली लोकमान्य टिळकांनी उजेडात आणली, तिच्यात या प्रसंगाची एवढीशी नोंद आहे. महाराजांनी पदरात घेतले, हे त्या काळी लहानसहान धाडस नव्हे. पण सरनोबती आता हंबीरराव मोहित्यांकडे होती. आणि पंगतीत नेताजीच्या शेजारी पाट मांडताना कोणी कुरकुरले नसेल काय? माणसाला राजा क्षमा करतो. शेजारी करतोच असे नाही.

बखरकारांनी, मोगलांच्या लेखनिकांनी, शास्त्र्यांनी, साऱ्यांनी तो कोण हे सांगितले. त्याचा स्वतःचा शब्द मात्र माझ्या वाचनात कोठे आलेला नाही. कुलीखान म्हणून काढलेल्या नऊ वर्षांत तो आरशात कोणाला पाहत होता?

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला म्हटले, "बाळ, कालचे उत्तर घाईचे झाले. नावे त्याला इतरांनी दिली. परत येण्याचे तेवढे त्याने स्वतः ठरवले."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ते खरे, गुरुजी. पण परीक्षेत काय लिहू?"