माळरान व्यवस्थापन, लोकसहभागी (बारामती-इंदापूर)

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर तालुक्यांतील गवताळ वनजमिनी गावकरी आणि वनखाते यांनी मिळून राखण्याची व वापरण्याची पद्धत. हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस वर्षाला साधारण 500 मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. सरकारदप्तरी ‘वन’ म्हणून नोंदलेल्या इथल्या जमिनीवर दाट झाडी नाही. मुरमाड उतारावर विरळ हिवर, बोर, खैर, बाभूळ आणि मधल्या मोकळ्या जागेत मारवेल, पवन्या, कुसळी ही गवते, हेच इथले वन.

नीरा डाव्या कालव्याचे पाणी लागलेल्या पट्ट्यात आणि उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी ऊस आला. सुपे, मोरगाव, शिर्सुफळ या बाजूचा बराचसा भाग मात्र जिरायतीच राहिला. तिथे बाजरी-ज्वारीच्या जोडीला शेळ्यामेंढ्या हाच आधार. धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे तांडे, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याआधी माळावर परततात, कारण कोकणातला चिखल मेंढीच्या खुरांना सोसत नाही. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात. लेंड्यांचे खत शेताला मिळते आणि मेंढपाळाला धान्य किंवा रोख.

व्यवस्थापनातला खरा पेच ऋतूचा आहे. गवत पुन्हा उगवायचे तर ते बी धरेपर्यंत राखले पाहिजे. मेंढपाळाला मात्र ते त्याआधीच, कोवळे असताना हवे असते. कुसळी पिकली की तिची टोकदार कुसळे लोकरीत शिरून कातडीत रुततात, मेंढीच्या तोंडालाही इजा करतात. म्हणजे पावसाळी चराईबंदी येते ती नेमकी वाडे घरी असतात तेव्हा.

केंद्र सरकारच्या 1990 च्या परिपत्रकानंतर महाराष्ट्राने 1992 मध्ये संयुक्त वन व्यवस्थापनाचा शासन निर्णय काढला. त्यानुसार गावाची समिती स्थापन होते. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, वणव्यावर लक्ष ही कामे गावाने करायची. बदल्यात चारा, सरपण व किरकोळ वनोपजात वाटा मिळतो. गवत कापून गोठ्यात नेण्याची पद्धत घरी दोन गाई-म्हशी बांधणाऱ्याला परवडते. शंभर मेंढरांच्या मालकाला तिचा उपयोग नाही. वनीकरणात सलग समतल चर खणून गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली. चर खणण्याच्या कामावर मजुरी मिळाली, पण सावलीखाली गवत विरळ होते. झाडे मोजून वन सुधारल्याचे ठरवण्याची ही रीत माळरानाला मुळीच लागू पडत नाही.

चिंकारा, लांडगा, तरस, खोकड ही मोकळ्या माळाची जनावरे. सुप्याजवळचे मयुरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर आहे. साहजिकच जनावरांचा वावर बाहेरच्या वनजमिनी, गायराने आणि पडीक शेते यांवरही असतो. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे माळरान चिंकारासाठी ओळखले जाते. लांडगा मेंढरे उचलतो. सरकारी भरपाईसाठी पंचनामा लागतो. वाडा मुक्कामाला असेल तर ठीक, चालत्या वाड्याला वनरक्षकाची वाट पाहत थांबणे जड जाते.

2024 मध्ये पुणे वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेश सफारी सुरू केली. स्थानिक तरुण वाटाडे म्हणून काम करतात. त्यामुळे उभ्या माळालाही मोल आले, हे या उपक्रमाचे मोठे यश. पण सफारीची कमाई वाटाड्यांच्या घरात जाते; चराईचा प्रश्न तिने सुटत नाही.

2006 च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्या दावेदारांना मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, वनावरील अवलंब सिद्ध करावा लागतो. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत गणले जातात, त्यामुळे ही अट त्यांनाही लागू होते. वर्षातले काही महिने वाटेवर काढणाऱ्या कुटुंबाकडे असा लेखी पुरावा सहसा नसतो. शिवाय संयुक्त वन व्यवस्थापनाच्या समितीचे सभासदत्व गावच्या रहिवाशाला मिळते, त्यामुळे दुसऱ्या गावच्या माळावर चारणारा मेंढपाळ तिथल्या निर्णयात कुठेच नसतो.