नाणे वर जाताना त्यावर कोणते बल असते?

१/ एक नाणे सरळ वर उडवले. हातातून सुटून ते वर चढत असताना, हवेचा विरोध नगण्य मानल्यास, त्यावर कोणती बले कार्य करतात? पुढे वाचण्यापूर्वी मनाशी उत्तर ठरवावे.

२/ "वर नेणारे हाताचे बल आणि खाली ओढणारे गुरुत्वाकर्षण." अकरावीत माझेही हेच उत्तर होते. वस्तुतः सुटलेल्या नाण्यावर केवळ गुरुत्वाकर्षण असते. वेग टिकण्यास बल लागत नाही, बदलण्यास लागते.

३/ मात्र या चुकीची वंशावळ मोठी आहे. फेकलेल्या वस्तूला भोवतालची हवा पुढे ढकलते, असे ॲरिस्टॉटल मानत असे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने ते नाकारले: फेकणारा वस्तूतच प्रेरणा भरतो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँने तिला 'इम्पेटस' म्हटले. इ.स. १५९० च्या सुमारास पिसा येथे शिकवणारा गॅलिलिओ 'दे मोतू'मध्ये लिहितो की, वर फेकलेल्या वस्तूत भरलेले बल ओसरत जाते आणि ते वजनाइतके उरले की वस्तू माघारी वळते. तेव्हा तो पंचविशीत होता, म्हणजे माझ्याच वयाचा! गतीविषयीचे त्याचे परिपक्व विवेचन छापून येण्यास १६३८ साल उजाडले.

४/ नाण्याचा हा प्रश्न अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विचारला. १९८२ च्या त्यांच्या लेखानुसार बहुतेकांनी वर ढकलणारे बल दाखवले. यांत्रिकी शिकून झालेल्यांतही बहुसंख्य चुकले. त्यांची स्पष्टीकरणे तरुण गॅलिलिओशी जुळत होती.

५/ सूत्रे पाठ असूनही असे का व्हावे? हालून आणि हेस्टेनिस यांची १९८५ ची चाचणी हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी आपल्या वर्गाला दिली, तेव्हा विचारणा झाली: उत्तरे तुम्ही शिकवले तशी लिहायची, की एरवी आम्ही विचार करतो तशी? त्या वर्गात दोन भौतिकशास्त्रे शेजारी शेजारी नांदत होती.

६/ मझूर यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न टाकण्यास आरंभ केला. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यावे, मग शेजाऱ्याशी वाद घालावा, पुन्हा उत्तर द्यावे. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल मांडले: शक्य असलेल्या सुधारणेपैकी पारंपरिक वर्गांनी सरासरी २३ टक्के साधली, चर्चेत गुंतलेल्या वर्गांनी ४८ टक्के.

७/ जाता जाता: ब्युरिदाँचे ॲरिस्टॉटलवरील भाष्यही प्रश्नांच्याच रूपात आहे. आधी प्रश्न, मग पूर्वपक्ष, मग त्याचे खंडन.